ईस्टरची अंडी आणि वजनाचा काटा

ईस्टर हा सण दर वर्षी वेगळ्या तारखेला येतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर, असा पाश्चात्त्य चर्चचा सर्वसाधारण नियम आहे. त्यामुळे हा रविवार २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान केव्हाही पडू शकतो. इंग्लंडमध्ये त्याच्या आधीचा शुक्रवार आणि नंतरचा सोमवार हे सुट्टीचे दिवस असतात. म्हणजे सलग चार दिवस घरी राहणे, पाहुणे आणि खाणे. शुक्रवारी क्रूसाची खूण असलेले गोड पाव, रविवारी भाजलेले कोकराचे मांस किंवा खारवलेले डुकराचे मांस, बदामाच्या गोळ्याचा थर दिलेला सिम्नेल केक आणि मुलांच्या हातात चॉकलेटची अंडी.

वजन आटोक्यात ठेवायचे ठरवलेल्या माणसाची खरी पंचाईत होते ती मंगळवारी सकाळी. काट्यावर उभे राहावे तर दीड-दोन किलो वाढलेले! दोन महिन्यांची मेहनत चार दिवसांत वाया गेली असे वाटते. मग कोणी जेवण सोडतो, तर कोणी निश्चयच सोडून देतो. काटा खोटे सांगत नसतो. पण तो जे सांगतो त्याचा अर्थ आपण बरोबर लावतो का, हे या लेखात पाहू.

अंडे आले कोठून?

ईस्टरच्या आधी उपवासकाळ असतो. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत ४६ दिवस होतात. त्यातले ६ रविवार वगळले की ४० उरतात. मध्ययुगीन युरोपात या काळात मांसाबरोबर अंडी आणि दूधदुभतेही वर्ज्य असे. कोंबड्यांना मात्र उपवासकाळ ठाऊक नव्हता. वसंतात दिवस मोठा होऊ लागला की वाढत्या प्रकाशामुळे त्यांच्या शरीरातली संप्रेरके बदलतात आणि त्या भराभर अंडी घालू लागतात. खायची बंदी आणि अंड्यांचा हंगाम एकाच वेळी आल्यामुळे ईस्टरला घरोघर अंडी साठलेली असत. ती रंगवून वाटण्याची आणि खाण्याची प्रथा रूढ होण्यास याचा मोठाच हातभार लागला.

पुढे या अंड्याची जागा चॉकलेटने घेतली. ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने ब्रिटनमधले पहिले पोकळ चॉकलेट अंडे १८७३ साली बनवले, तर कॅडबरीने १८७५ साली. आकार तोच राहिला, पण आतला माल पार बदलला. कोंबडीच्या एका अंड्यातून साधारण ७५ उष्मांक, म्हणजे किलोकॅलरी, आणि ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. दुधाच्या चॉकलेटचे २०० ग्रॅमचे अंडे सुमारे १,०७० उष्मांक देते. प्रौढ स्त्रीची दिवसाची गरज सरासरी २,००० उष्मांक धरली तर ही निम्म्याहून अधिक झाली. शिवाय त्यात १०० ग्रॅमच्या आसपास साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या सल्ल्यानुसार वरून घातलेल्या साखरेतून मिळणारे उष्मांक एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावेत. २,००० उष्मांकांच्या आहारात याचा अर्थ होतो ५० ग्रॅमपेक्षा कमी साखर. म्हणजे एका अंड्यात जवळजवळ दोन दिवसांची साखर आली.

चॉकलेट जिभेवर सहज विरघळते, कारण त्यातले कोको-लोणी शरीराच्या तापमानाच्या किंचित खाली, सुमारे ३४ अंश सेल्सिअसला वितळते. चावावे फारसे लागत नाही आणि पोटात जागाही थोडीच लागते. पोट भरल्याची सूचना आतड्यातील संप्रेरकांमार्फत मेंदूपर्यंत पोहोचायला काही मिनिटे जातात. तेवढ्या वेळात निम्मे अंडे संपलेले असते.

मंगळवारच्या काट्याचा हिशेब

आता एक काल्पनिक माणूस घेऊ. गेले काही आठवडे तो जेवण आवरून खात होता. ईस्टरच्या चार दिवसांत त्याने रोज गरजेपेक्षा १,००० उष्मांक जास्त खाल्ले. एकूण जादा उष्मांक झाले ४,०००. मंगळवारी त्याचे वजन १.८ किलो वाढलेले दिसले. ही सगळी चरबी आहे का?

शरीरातल्या १ किलो चरबीच्या पेशीजालात सुमारे ७,७०० उष्मांक साठलेले असतात. १.८ किलो चरबी वाढायला जवळजवळ १४,००० उष्मांक जादा हवेत. आपल्या माणसाने तर ४,०००च खाल्ले. तेव्हा बाकीचे वजन दुसऱ्या कशाचे तरी असले पाहिजे.

पहिला वाटा ग्लायकोजेनचा. खाल्लेल्या पिष्टमय आणि गोड पदार्थांतली काही साखर शरीर ग्लायकोजेनच्या रूपाने साठवते. प्रौढ माणसाच्या यकृतात साधारण १०० आणि स्नायूंत साधारण ४०० ग्रॅम ग्लायकोजेन मावते. आवरून खाणाऱ्याचा हा साठा काही अंशी रिकामा असतो. सणात तो भरून निघतो. १ ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी साठते. १५० ग्रॅम ग्लायकोजेन वाढले तर ४५० ग्रॅम पाणी येते. एकूण ६०० ग्रॅम.

दुसरा वाटा मिठाचा. शरीरातील द्रवाचा खारटपणा दर लिटरला सुमारे ९ ग्रॅम मीठ इतका असतो आणि शरीर तो कायम राखते. खारवलेले मांस, चीज, रस्से यांतून ५ ग्रॅम मीठ जादा शरीरात राहिले तर त्यासाठी अर्धा लिटरहून थोडे अधिक पाणी धरून ठेवले जाते. हे झाले सुमारे ५०० ग्रॅम. मूत्रपिंडे जादा मीठ बाहेर टाकतात तसे हे पाणीही काही दिवसांत निघून जाते.

तिसरा वाटा आतड्यात अजून असलेल्या अन्नाचा. तो ३०० ग्रॅम धरू.

आता चरबी किती? ४,००० उष्मांकांतले ६०० ग्लायकोजेनच्या रूपाने साठले. अन्न पचवण्यात आणि साठवण्यातही काही उष्मांक खर्च होतात. उरलेल्यांतून फार तर ४०० ग्रॅम चरबी बनेल. ६०० + ५०० + ३०० + ४०० = १,८०० ग्रॅम. काटा बरोबरच होता, पण त्याने दाखवलेल्या वाढीत चरबी पाव हिश्श्याहूनही कमी होती. बाकीचे वजन नेहमीचे जेवण सुरू झाल्यावर आठवड्याभरात आपोआप उतरते. पहिल्याच आठवड्यात 'तीन किलो वजन घटवा' अशा जाहिरातींमागचे गुपितही बव्हंशी हेच असते. घटते ते मुख्यतः पाणी!

उरतो तो थेंब

मग काळजीचे कारणच नाही असे समजायचे का? तसेही नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिका, जर्मनी आणि जपान येथील सुमारे २,९०० लोकांच्या घरगुती बिनतारी काट्यांवरच्या वर्षभराच्या नोंदी तपासल्या होत्या. जर्मनीत नाताळनंतर वजन सरासरी ०.६ टक्क्यांनी वाढलेले आढळले आणि ईस्टरच्या सुमारास ०.२ टक्क्यांनी. ७० किलोच्या माणसाला ही ईस्टरची वाढ १४० ग्रॅम पडते. अगदीच किरकोळ! पण याच अभ्यासात दिसले की सणानंतर वाढीपैकी साधारण निम्मी लवकर उतरते आणि उरलेली उन्हाळ्यापर्यंत किंवा त्याहीपुढे टिकून राहते. असे काटे विकत घेणारे लोक मुळातच वजनाबाबत जागरूक असतात, हेही ध्यानात घ्यायला हवे.

२००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासाचा निष्कर्षही याला धरूनच आहे. १९५ प्रौढांचे वजन नोव्हेंबर-डिसेंबरच्या सणांत सरासरी ०.३७ किलोने वाढले. लोकांना स्वतःला मात्र ते याच्या कितीतरी पट वाढले असे वाटत होते. सप्टेंबर ते मार्च या काळातली निव्वळ वाढ होती ०.४८ किलो, आणि वसंत ऋतूतही ती फारशी उतरली नाही. वर्षाला अर्धा किलो कोणाच्या नजरेत भरत नाही. दहा वर्षांत मात्र ते पाच किलो होतात. मधुमेह आणि रक्तदाबाच्या दृष्टीने पाच किलोंना अर्थ आहे.

म्हणजे आपण भितो एका गोष्टीला आणि नुकसान करते दुसरीच. रविवारची मेजवानी हा फारसा मोठा गुन्हेगार नव्हे. फडताळात उरलेली अंडी पुढचे तीन आठवडे येताजाता तोंडात टाकली जातात, तिकडे पाहायला हवे. रोज २५ ग्रॅम चॉकलेट म्हणजे सुमारे १३५ उष्मांक. २१ दिवसांचे झाले २,८०० हून अधिक.

'आता मोडलेच आहे तर…'

कडक नियमांचा आणखी एक धोका असतो. १९७५ साली हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील विद्यार्थिनींवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. काहींना आधी मिल्कशेक दिला, काहींना काहीच दिले नाही. मग सर्वांना हवे तेवढे आइस्क्रीम खायला सांगितले. एरवी मोकळेपणाने खाणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले. एरवी मन मारून खाणाऱ्या मुलींनी मात्र मिल्कशेकनंतर आइस्क्रीम जास्त खाल्ले! नियम मोडलाच आहे, तर आता हात आखडायचा कशाला, असा हा विचार. 'ईस्टरला चॉकलेटला शिवणारही नाही' असा पण करणाऱ्याचे बहुधा हेच होते. पहिला तुकडा तोंडात गेला की अख्खे अंडे जाते. मंगळवारी उपाशी राहून त्याची भरपाई केली, तर बुधवारी भूक दुप्पट जोराने परत येते.

मग करावे काय?

ब्रिटनमधील बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या २०१८ सालच्या एका चाचणीतून याचे थोडे उत्तर मिळते. नाताळच्या काळात २७२ प्रौढांचे दोन गट केले. एका गटाला आठवड्यातून किमान दोनदा वजन करायला सांगितले, साध्या दहा सूचना दिल्या आणि कोणता पदार्थ जिरवायला किती चालावे लागेल याचा तक्ता दिला. दुसऱ्या गटाला फक्त आरोग्याविषयी एक माहितीपत्रक दिले. पहिल्या गटाचे वजन जवळजवळ स्थिर राहिले, तर दुसऱ्याचे सरासरी ०.३७ किलोने वाढले. महत्त्वाचे असे की सणाच्या काळात ध्येय होते वजन वाढू न देण्याचे, घटवण्याचे नव्हे.

ईस्टरसाठी यातून निघणाऱ्या गोष्टी साध्या आहेत. चार दिवसांपुरते 'आहे तेवढेच राहू दे' हे ध्येय पुरे. सकाळची न्याहारी आणि जेवणाच्या वेळा चुकवू नयेत. उपाशी पोटी अंडे फोडले की ते संपतेच. मेजवानीच्या ताटात भाज्या आणि डाळी-कडधान्ये आधी वाढून घ्याव्यात. चॉकलेट जेवणानंतर, तुकडा मोडून, बशीत घेऊन खावे. उरलेली अंडी वाटून टाकावीत किंवा नजरेआड ठेवावीत. जेवणानंतर सर्वांनी मिळून फिरायला जावे. फिरण्याने सगळे जिरते अशा भ्रमात मात्र राहू नये. ६० किलोच्या माणसाचे १ किलोमीटर चालण्यात साधारण ५० उष्मांक खर्च होतात. १०० ग्रॅम चॉकलेटसाठी दहा किलोमीटरहून जास्त चालावे लागेल! मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी उपवास आणि मेजवानी या दोन्हींबाबत डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यायला हवा.

आपल्याकडे वसईतील मराठी बोलणारी कॅथलिक कुटुंबे उपवासकाळ आणि ईस्टर पाळतात. गोव्यात त्या दिवशी सोरपोतेल आणि सान्ना होतात, मुंबई-गोव्याच्या बेकऱ्यांत मार्झिपानची रंगीत अंडी मिळतात. पदार्थ वेगळे असले तरी ग्लायकोजेन, मीठ आणि पाण्याचा हिशेब तोच लागू पडतो.

शिक्षकांसाठी

वरचा १.८ किलोचा हिशेब आठवी-नववीच्या वर्गात फळ्यावर करून घेता येईल. पदार्थांच्या वेष्टनावरचे उष्मांक आणि साखरेचे आकडे विद्यार्थ्यांनाच शोधून आणू द्यावेत. आम्ही आग्रहाने सांगू इच्छितो ते एवढेच की या पाठासाठी काल्पनिक माणूसच घ्यावा. वर्गात विद्यार्थ्यांची वजने करू नयेत, ती मोठ्याने वाचू नयेत आणि कोणाच्या डब्यावर वा अंगकाठीवर बोलू नये. वाढत्या वयात उंचीबरोबर वजन वाढणे हे निरोगीपणाचेच लक्षण आहे. त्यांच्यासाठी 'इतके किलो घटवायचे' हे ध्येय डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ठेवणे योग्य नाही. याच वयात काही मुली आणि मुलगे वजनाच्या भीतीने जेवण तोडतात आणि त्यातून गंभीर आजार ओढवतात. मस्करीत टाकलेला एखादा शब्द त्याला निमित्त ठरू शकतो.

काट्यावरचा आकडा ही एक नोंद आहे. तिच्यात पाणी किती, मीठ किती, चरबी किती, हे विचारायला शिकलेला विद्यार्थी सणाचा आनंदही घेईल आणि जाहिरातींनाही फसणार नाही. एका सकाळच्या आकड्याऐवजी चार आठवड्यांच्या नोंदींचा आलेख त्याला काढायला लावावा. आलेखातली उंच टोके त्याला घाबरवणार नाहीत. टोके ओसरल्यावर रेषा कोठे स्थिरावली, हे तो पाहू लागेल.