एक नाव, एक खाना : हिशेबाच्या तक्त्यात सांभाळून

जुन्या वहीत एकाच पार्टीचे नाव पुन्हा पुन्हा येत असेल तर मुनीम खाली 'कित्ता' लिहीत. उर्दू शाळेत आम्ही त्यालाच 'ऐजन' म्हणत असू. आता हिशेब एक्सेलवर आले आहेत, आणि तेच नाव बारा ओळींत दिसले की तक्ता गिचमिड वाटतो. म्हणून मुले एक छोटा प्रोग्राम, म्हणजे मॅक्रो लिहून सारखे खाने जोडून टाकतात. (एक्सेलमध्ये व्हीबीए ही मॅक्रोची भाषा १९९३ साली आली.)

काम सोपे आहे. यादी आधी पार्टीनुसार लावावी. मग प्रोग्राम खालून वर जातो, प्रत्येक नाव वरच्या नावाशी ताडतो आणि सारखे असेल तर दोन्ही खाने एक करतो. धोका इथेच आहे. खाने जोडले की फक्त सर्वांत वरचा मजकूर राहतो, बाकीचा पुसला जातो. एक्सेल तशी सूचना देते, पण प्रोग्राममध्ये ती सूचना बहुधा बंदच ठेवलेली असते.

आमच्या दुकानात हे घडले आहे. पुतण्याने उधारीची यादी अशी सुबक केली. पुढे एका पार्टीचे नाव निवडून बाकी काढली, तर बारा ताक्यांऐवजी पहिलाच ताका दिसला. आम्ही कमी रक्कम मागितली. पार्टी इमानदार, तिनेच चूक दाखवली. प्रत्येक पार्टी तशी भेटेलच असे नाही.

म्हणून व्यापारी बांधवांनी एवढे पाळावे :

१) मूळ तक्ता जसाच्या तसा ठेवा. खाने जोडायचे ते छापायच्या नकलेत.

२) मीटर आणि रकमेचे खाने कधीही जोडू नका. शंभर मीटरचे दोन ताके जोडले की बेरजेत एकच उरतो.

३) क्वालिटीचा खाना जोडताना पार्टीही तीच आहे ना, हे प्रोग्रामने पाहावे. नाहीतर एकाचा माल दुसऱ्याच्या नावाखाली जातो.

४) त्याहून बरा उपाय म्हणजे कंडिशनल फॉरमॅटिंग. नाव वरच्यासारखेच असेल तर अक्षरांचा रंग पांढरा करा. कागदावर नाव एकदाच दिसते, आत मात्र प्रत्येक ओळीत कायम असते.

कित्ता लिहिणाऱ्या मुनिमाला वरचे नाव ठाऊक असे. यंत्राला रिकामा खाना म्हणजे रिकामाच.