टर्बो इंजिन : पहिला दाब किती ठेवावा?

सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाच्या खालच्या टोकाला तुम्ही कधी हात लावून पाहिला आहे का? वीस-पंचवीस वेळा दांडा जोराने मारला की ते टोक चांगलेच गरम लागते. यातली थोडी उष्णता घर्षणामुळे येते, पण बरीचशी येते ती हवा दाबली गेल्यामुळे. हवा झटकन दाबली की ती तापते. या साध्या नियमाकडे दुर्लक्ष केले, तर मोटारगाडीचे धडधाकट इंजिन काही सेकंदांत निकामी होऊ शकते. कसे ते पाहू या.

टर्बो काय करतो?

पेट्रोल जाळायला हवा लागते. १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जाळण्यासाठी सुमारे १४.७ ग्रॅम हवा हवी. इंजिनाची शक्ती वाढवायची तर अधिक पेट्रोल जाळले पाहिजे, आणि त्यासाठी सिलिंडरमध्ये अधिक हवा कोंबली पाहिजे. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी यासाठी एक नामी युक्ती सुचवली आणि १९०५ साली तिचे पेटंट घेतले. धुराड्यातून वाया जाणाऱ्या गरम वायूंवर एक चक्र फिरवायचे. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला हवा दाबणारा पंखा बसवायचा. हाच टर्बोचार्जर. त्याचा दांडा मिनिटाला एक लाखाहूनही अधिक फेरे घेऊ शकतो.

बाहेरच्या हवेपेक्षा टर्बोने जितका दाब वाढवला, त्याला 'बूस्ट' म्हणतात. तो 'बार' या एककात मोजतात. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब जवळजवळ १ बार असतो. म्हणजे बूस्ट ०.५ बार असेल, तर इंजिनात शिरणाऱ्या हवेचा एकूण दाब १.५ बार झाला.

दाब वाढतो, उष्णताही वाढते

आता थोडे गणित करू. समजा बाहेरची हवा २७ अंश सेल्सिअस, म्हणजे ३०० केल्व्हिन आहे, आणि पंख्याची कार्यक्षमता ७० टक्के आहे. मग हिशेब साधारण असा येतो :

बूस्ट ०.३ बार : हवा तापते ६० अंशांपर्यंत, हवेचे वस्तुमान वाढते १७ टक्के.
बूस्ट ०.५ बार : हवा तापते ८० अंशांपर्यंत, वस्तुमान वाढते २८ टक्के.
बूस्ट १ बार : हवा तापते १२१ अंशांपर्यंत, वस्तुमान वाढते ५२ टक्के.

दाब दुप्पट केला तरी हवा दुप्पट झाली नाही, हे लक्षात आले का? तापलेली हवा प्रसरण पावते, त्यामुळे लाभ कमी होतो. आणि गोष्ट एवढ्यावरच थांबत नाही. सिलिंडरमध्ये दट्ट्या हीच हवा पुन्हा दाबतो. आकारमान नवव्या हिश्शावर आणले, तर केल्व्हिनमधले तापमान साधारण दुप्पट होते. म्हणजे सुरुवातीला ५३ अंश जास्त असलेले तापमान दट्ट्या वर पोहोचेपर्यंत शंभराहून अधिक अंशांनी जास्त होते. म्हणूनच टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये बहुधा हवा थंड करणारा इंटरकूलर बसवतात.

नॉकिंग : इंजिनाचा शत्रू

नेहमीच्या ज्वलनात प्लगची ठिणगी पडते आणि ज्योत एका बाजूने पसरत जाते. पसरणारी ज्योत पुढच्या, अजून न जळलेल्या मिश्रणाला दाबते आणि तापवते. ते मिश्रण प्रमाणाबाहेर तापले, तर ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप पेट घेते. दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात आणि धातूवर हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. हेच नॉकिंग.

यात धोका कोणता? सिलिंडरमधल्या ज्योतीचे तापमान २००० अंशांहून अधिक असते, आणि दट्ट्या ज्या ॲल्युमिनियमचा असतो ते शुद्ध रूपात ६६० अंशांना वितळते. तरीही दट्ट्या टिकतो, कारण एकीकडे त्यातली उष्णता तेल व सिलिंडरच्या भिंती वाहून नेतात, आणि दुसरीकडे धातूला लागून असलेला वायूचा पातळ, तुलनेने थंड थर त्याला झाकून ठेवतो. नॉकिंगच्या लाटा हा थर उडवून लावतात. धातू अधिक तापतो. तापलेल्या धातूमुळे नॉकिंग आणखी वाढते. हे दुष्टचक्र सुरू झाले की दट्ट्याच्या कडा तुटतात, कधी त्याला भोकही पडते.

आणि नॉकिंग हळूहळू सूचना देत येत नाही. एका दाबाला काहीच जाणवत नाही आणि थोडा दाब वाढवताच ते अचानक सुरू होते. म्हणून या सीमेकडे खालच्या, सुरक्षित बाजूनेच जायचे असते.

एकच आकडा सर्वांना चालेल का?

'०.३ बार तर अगदी थोडा दाब, तो कुठल्याही इंजिनाला चालेल,' असे तुम्हाला वाटेल. इतिहास वेगळेच सांगतो. १९६२ साली अमेरिकेत ओल्डस्मोबिल जेटफायर ही टर्बो मोटार विक्रीला आली. तिचा बूस्ट जेमतेम ०.३४ बार होता. पण संपीडन गुणोत्तर १०.२५ होते. म्हणजे दट्ट्या मिश्रणाला १०.२५ पट दाबत असे. नॉकिंग टाळण्यासाठी पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून फवारावे लागे. त्याच्या बाष्पीभवनाने मिश्रण थंड होई. पण अनेक मालक ती टाकी भरायला विसरत. टाकी रिकामी झाली की एक सुरक्षा यंत्रणा बूस्ट कमी करी. इंजिन वाचे, पण शक्ती जाई आणि तक्रारी येत. १९६३ नंतर ही मोटार बंद झाली.

उलट १९७८ साली बाजारात आलेल्या स्वीडनच्या साब ९९ टर्बोचा बूस्ट सुमारे ०.७ बार, म्हणजे जेटफायरच्या दुप्पट होता. तरी तिला असा फवारा लागत नसे, कारण तिचे संपीडन गुणोत्तर अवघे ७.२ ठेवले होते. तेव्हा दुसऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावणे धोक्याचे. सुरक्षित दाब ठरतो तो संपीडन गुणोत्तर, पेट्रोलचा ऑक्टेन अंक, आत येणाऱ्या हवेचे तापमान आणि ठिणगीची वेळ या सर्वांनी मिळून.

मग सुरुवात कुठून?

धरणातले पाणी ठराविक पातळीच्या वर गेले की सांडव्यावरून निघून जाते. टर्बोलाही असाच सांडवा असतो. त्याला वेस्टगेट म्हणतात. बूस्ट पुरेसा झाला की तो एका स्प्रिंगला दाबून झडप उघडतो आणि काही गरम वायू टर्बाइनला वळसा घालून निघून जातात. दाब वाढवणारी नियंत्रण यंत्रणा ही झडप उघडण्यास उशीर लावू शकते. पण स्प्रिंगने ठरवलेल्या दाबाच्या खाली बूस्ट थांबवून ठेवणे तिला शक्य नसते. म्हणून स्प्रिंग निवडणे म्हणजेच पहिला दाब निवडणे!

अनुभवी तंत्रज्ञ आधी ही नियंत्रण यंत्रणा बंद ठेवतात आणि केवळ स्प्रिंगच्या दाबावर चाचणी घेतात. मुळात टर्बो नसलेल्या इंजिनाला तो बसवला असेल, तर हा पहिला दाब बहुधा ०.३ ते ०.५ बार असतो. जेटफायरसारखे मोठे संपीडन गुणोत्तर असेल, तर खालचा आकडाही जपूनच घ्यावा लागतो. मिश्रणात पेट्रोल थोडे जास्त ठेवतात, म्हणजे १४.७ ऐवजी सुमारे ११.५ ते १२ ग्रॅम हवेला १ ग्रॅम पेट्रोल. जादा पेट्रोलाच्या बाष्पीभवनाने मिश्रण थंड राहते. ठिणगीही थोडी उशिरा पाडतात.

मग दाबमापकाकडे पाहतात. पण काटा स्थिरावल्यावरचा आकडा पुरेसा नसतो. झडप उघडेपर्यंत काटा क्षणभर पुढे उसळतो. तो उसळलेला आकडाही टिपावा लागतो. फेरे वाढत जाताना बूस्ट आपोआप चढत तर नाही ना, हेही पाहतात. चढत असेल तर सांडवा अपुरा आहे. तो दुरुस्त केल्याशिवाय पुढे जायचे नाही. ठरवलेल्या दाबाच्या थोडे वर इंजिनाचे इंधन आपोआप तोडणारी मर्यादाही आधीच घालून ठेवतात. एवढे झाल्यावरच बूस्ट ०.०५ ते ०.१ बारच्या पायऱ्यांनी वाढवायचा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर बिघाड कशामुळे झाला हे कळणार कसे? प्रयोगशाळेतला हा नियम इथेही तितकाच खरा आहे.

नॉकिंगच्या सीमेला टेकून थांबणेही बरे नव्हे. थंड सकाळी ठरवलेला दाब उन्हाळ्याच्या दुपारी, कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर घातक ठरू शकतो. तेवढे अंतर राखूनच थांबायचे.

इंजिनाने स्वतःच ऐकले तर?

साबचे अभियंते पेर यिलब्रांड यांनी नेमका हाच विचार केला. १९८२च्या साब मोटारींत इंजिनाच्या अंगावर नॉकिंग टिपणारा संवेदक आला. नॉकिंगची चाहूल लागताच यंत्रणा स्वतःच बूस्ट कमी करी. आजच्या टर्बो पेट्रोल गाड्यांतही असे संवेदक असतात. पण संवेदक आहे म्हणून सुरुवातच उंच दाबाने करणे म्हणजे पोहता येते म्हणून पुरात उडी घेणे होय.

करून पाहा : गाडीवर नव्हे, कागदावर! बूस्ट ०.५ बार असताना इंटरकूलरने हवा ८० ऐवजी ५० अंशांवर आणली, तर हवेचे वस्तुमान किती टक्के वाढेल? सूत्र सोपे आहे : दाबांच्या गुणोत्तराला केल्व्हिनमधल्या तापमानांच्या गुणोत्तराने भागा. उत्तर सुमारे ३९ टक्के आले का? वरच्या यादीतल्या २८ टक्क्यांशी ते ताडून पाहा. दाब एका काट्यानेही न वाढवता, केवळ थंडाव्याने केवढी हवा मिळाली!