पोटाचा घेर, रात्रीची झोप आणि फौजीचं मन

महाड तालुक्यात फौजी आंबवडे नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धापासून या गावातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात जात आली. शेजारच्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत लढताना धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पोलादपूरचं उमरठ तर तानाजी मालुसऱ्यांचं गाव. डोंगरउतारावरच्या भाताच्या तुकड्यावर वर्ष निघत नाही, म्हणून घरातला एक जण मुंबईला नाहीतर पलटणीत, ही या पट्ट्याची जुनी रीत. इथे शौर्याच्या गोष्टी पोराटोरांना पाठ असतात. पेन्शन घेऊन गावी आलेल्या जवानाच्या रक्तात पुढे काय घडतं, याची चर्चा मात्र फारशी होत नाही.

ज्यानं पंधरा-वीस वर्षं पहाटे उठून पळण्यात काढली, त्याला चाळिशी ओलांडताच मधुमेह आणि रक्तदाब कसे गाठतात? ‘पीटी सुटली, पोट सुटलं’ हे उत्तर सगळेच देतात. ते खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं उत्तर झोपेत आणि मनात आहे.

आधी मोजमाप समजून घेऊ. शरीर अन्नाचं काय करतं हे ढोबळमानानं पाच गोष्टींवरून कळतं: पोटाचा घेर, उपाशीपोटी साखर, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड नावाची रक्तातली चरबी आणि एचडीएल म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल. भारतीय पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटर किंवा जास्त, साखर १०० किंवा जास्त, रक्तदाब १३०/८५ किंवा वर, ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त, एचडीएल ४० पेक्षा कमी. यातल्या कुठल्याही तीन गोष्टी जमल्या की डॉक्टर त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. सुटा पाहिला तर प्रत्येक आकडा जरासाच वर असतो, म्हणून रिपोर्ट घडी करून कपाटात जातो. तीन एकत्र आले की मधुमेहाचा आणि हृदयविकाराचा धोका चांगलाच वाढतो.

यातला घेर घरीच मोजता येतो. बनियन काढून सरळ उभं राहायचं. सर्वांत खालची बरगडी बोटानं चाचपायची, मग कमरेच्या हाडाची वरची कड, आणि दोन्हींच्या मधोमध टेप आडवी फिरवायची. श्वास सहज सोडून झाला की आकडा वाचायचा, पोट आत ओढायचं नाही. पँटचा नंबर सांगून भागत नाही. पोट सुटलं की पँट पोटाखाली उतरते आणि नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो. घरातल्या बाईंचाही घेर त्याच वेळी मोजावा. त्यांच्यासाठी मर्यादा ८० सेंटिमीटरची आहे.

घेरावर एवढा भर का, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये एका छायाचित्रातून दाखवून दिलं. ते स्वतः आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन शेजारी उभे. उंचीच्या मानानं वजन काढलं तर दोघांचा बीएमआय एकच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. आपली माणसं सडपातळ दिसूनही आतून चरबी बाळगतात, आणि ती बरीचशी पोटात, यकृताच्या आसपास साठते. ‘वजन तर भरतीच्या वेळचंच आहे’ म्हणणाऱ्या जवानानं म्हणूनच निर्धास्त राहू नये. वजन तेवढंच राहून स्नायू गेलेले आणि चरबी आलेली असू शकते.

आता स्नायूंचं काम. जेवणातून आलेली साखर इन्सुलिनच्या मदतीनं रक्तातून उचलली जाते आणि तिचा मोठा वाटा स्नायूंत जातो. स्नायू ही साखरेची कणगी आहे. रोज दौड, ड्रिल, पाठीवर पिट्टू घेऊन चढण असेल तर कणगी रोज उपसली जाते आणि नव्या दाण्याला जागा राहते. उपसणं थांबलं की ती भरलेलीच राहते आणि वरून येणारं धान्य ओटीवर सांडू लागतं. शिवाय काम करणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीवाचूनही साखर ओढून घेतो. बसलेल्या स्नायूला ते जमत नाही. डेन्मार्कमध्ये काही निरोगी तरुणांना रोजच्या सुमारे दहा हजार पावलांवरून दीड हजारांच्या आत आणलं, तर दोनच आठवड्यांत त्यांच्या शरीरानं इन्सुलिनला दिलेला प्रतिसाद मंदावला. पंधरा वर्षांची कमाई पंधरा दिवसांत ओसरायला लागते, हे प्रत्येक माजी सैनिकानं लक्षात ठेवावं.

इथपर्यंत सगळं पळण्याचं आणि जेवण्याचं झालं. मन यात कुठून येतं?

धोका जाणवला की मेंदूच्या हुकमानं अॅड्रिनलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरकं रक्तात सुटतात. यकृत साठवलेली साखर बाहेर सोडतं, हृदय जोरात चालतं, रक्तदाब चढतो. पळायला किंवा लढायला लागणारी ही रसद आहे आणि चौकीवर तीच जीव वाचवते. पण मेंदूला गोळीबार आणि घरचं टेन्शन यांत फारसा फरक कळत नाही. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसं गेली, महाड शहर पाण्याखाली होतं, फोन लागत नव्हते. त्या रात्री दूर कुठल्या तरी ठाण्यावर उभ्या असलेल्या इथल्या जवानाच्या रक्तातही साखर चढली असेल, आणि ती वापरायला पळण्याचं काही कारण नव्हतं. असा ताण एका रात्रीचा असेल तर शरीर तो पचवतं. जमिनीचा वाद, कर्ज, मुलाची नोकरी, आजारी आई असा तो महिनोन्‌महिने चालला तर कॉर्टिसोल चढं राहतं, इन्सुलिनचा जोर कमी पडतो आणि चरबी पोटाकडे वळते.

झोपेचा हिशेब याहून रोखठोक आहे. शिकागोत १९९९ मध्ये अकरा निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. तेवढ्यानं त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची क्षमता स्पष्टपणे घटली. अपुऱ्या झोपेनं भूक वाढवणारं संप्रेरक वाढतं आणि पोट भरल्याची खूण देणारं घटतं, म्हणून जागलेला माणूस दुसऱ्या दिवशी गोड आणि तळलेलं शोधतो. सैन्यात रात्रपाळी चुकत नाही. पण खरी पंचाईत पेन्शननंतर होते, कारण गावी आलेला जवान पुष्कळदा महाडच्या एमआयडीसीत नाहीतर मुंबईत सिक्युरिटीची नोकरी धरतो, आणि तीही रात्रीची. रात्री खुर्ची, दोन वाजता साखरेचा चहा आणि वडापाव, सकाळी घरी येऊन कोंबड्या-पोरांच्या गलक्यात तुटक झोप.

मग मनाचा दुसरा फेरा सुरू होतो. उदास माणूस कमी हलतो, अवेळी खातो, गोळ्या चुकवतो, जास्त पितो. त्यानं साखर वाढते. वाढलेली साखर अंग गळपटून टाकते, झोप मोडते, आणि माणूस आणखी उदास होतो. मधुमेह असलेल्यांमध्ये नैराश्याचं प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळतं आणि नैराश्य असलेल्यांना मधुमेह होण्याचा धोकाही जास्त असतो. कोण आधी आलं हे शोधत बसण्यात अर्थ नाही. दोन्ही एकदम तपासायला हवेत.

गावी परतणं ही यातली सर्वांत नाजूक वेळ, असं माझं ठाम मत आहे. पलटणीत दिवसाला आखणी होती, खांद्यावर फीत होती, सोबतीला माणसं होती. घरी बायकोनं इतकी वर्षं शेत, शाळा, सासू-सासरे एकटीनं सांभाळलेले असतात. घर त्याच्यावाचून चालायला शिकलेलं असतं. आपल्याच घरात तो पाहुण्यासारखा बसतो. ‘कशातच मन लागत नाही’ हे तो बोलत नाही, चिडचिड करतो. ताटात पलटणीच्या लंगरचंच (स्वयंपाकघरचंच) माप राहतं, पण अंगाला काम नाही. सकाळी तांदळाची भाकरी, दुपारी भात, रात्री पुन्हा भात. पोलादपूरच्या उतारावरची नाचणी आणि वरी ताटातून मागे पडली आहे. नाचणी काही औषध नाही, तिच्यातही पिष्ट आहेच, पण तंतू पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा कितीतरी जास्त. भाताचा डाव निम्मा करून कुळथाचं पिठलं, पावसाळ्यात टाकळा-कुर्डू, थोडी सुकी मासळी वाढवली तरी फरक पडतो.

आणि कॅन्टीनची रम. ६० मिलिलिटरच्या दोन पेगांत सुमारे २८० कॅलरी जातात, चकणा वेगळा. दारूनं ट्रायग्लिसराइड चढतात, आणि झोप लवकर लागली तरी मध्यरात्रीनंतर मोडते. झोपेसाठी पिणारा माणूस झोपच गमावतो. हे घरच्यांनी भांडून नव्हे, शांतपणे सांगायला हवं.

सैन्याच्या वैद्यकीय वर्गवारीला ‘शेप’ म्हणतात. त्यातल्या पाच इंग्रजी अक्षरांत पहिलं अक्षर मनाच्या स्थितीचं. कान, हातपाय, शरीराची क्षमता आणि डोळे नंतर. तरीही ‘कॅटेगरी लागेल’, म्हणजे वर्गवारी घसरेल, या धास्तीनं नोकरीत असताना पुष्कळ जण रक्तदाब आणि मनाची तगमग दोन्ही लपवतात, आणि ती सवय गावीही सोबत येते.

पेन्शनीत आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. जेवणानंतर पंधरा मिनिटं चाला. पुन्हा भरतीची दौड मारायला जाऊ नका, आधी डॉक्टरांना दाखवा. रात्रपाळी सुटत नसेल तर मुख्य जेवण ड्युटीआधी घ्या आणि दिवसा खोली अंधारी करून सलग झोपा. वर्षातून एकदा ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यातून त्या पाचही गोष्टी तपासून घ्या, आणि डॉक्टरांसमोर झोप व मन यांचं नाव स्वतःहून काढा. मन फारच खचलं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी १ डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात या सेवेचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला आहे. फोन घरच्या माणसानं केला तरी चालतो, आणि मराठीत बोलता येतं.