पिकअप ट्रकची ओढक्षमता आणि फिफ्थ व्हील ट्रेलर : एक विवेचन

प्रस्तावना :

फिरते घर ट्रेलरच्या रूपाने पिकअप ट्रकला जोडून प्रवास करण्याची पद्धत उत्तर अमेरिकेत रूढ आहे. काही कुटुंबे सुटीपुरती, तर काही निवृत्त दांपत्ये वर्षभर अशा घरात राहतात. ‘फिफ्थ व्हील’ हा या घरांचा मोठा प्रकार होय. घोडागाडीच्या पुढील आसावर वळणासाठी एक आडवे चक्र बसविलेले असे. चार चाकांखेरीजच्या या पाचव्या चक्रावरून हे नाव पडले. असा ट्रेलर निवडताना ग्राहक बहुधा जाहिरातीतील ओढक्षमतेचा आकडा प्रमाण मानतो. तो एकटा आकडा पुरेसा का ठरत नाही, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे.

भाराचे वितरण :

सर्वसाधारण ट्रेलर ट्रकच्या मागील टोकाला जोडतात. त्याच्या वजनापैकी सुमारे १० ते १५ टक्के भार जोडणीवर येतो आणि तरफेप्रमाणे ट्रकचा पुढील आस उचलू पाहतो. फिफ्थ व्हीलची जोडणी मात्र ट्रकच्या हौद्यात, मागील आसाच्या वर किंवा किंचित पुढे असते. ट्रेलरचा किंगपिन तीत अडकतो. त्यामुळे ही जोडी रस्त्यावर अधिक स्थिर राहते. परंतु ट्रेलरच्या वजनाचा १५ ते २५ टक्के भार ट्रकच्या अंगावर येतो.

दोन भिन्न क्षमता :

ओढक्षमता म्हणजे ट्रक ओढू शकेल असे ट्रेलरचे कमाल वजन. भारक्षमता म्हणजे ट्रकने स्वतःवर वाहावयाचे कमाल वजन. चालकासह सर्व प्रवासी, सामान, जोडणी व किंगपिनचा भार हे सर्व तीत मोडते. इंजिनाचे सामर्थ्य वाढले की ओढक्षमता वाढू शकते; भारक्षमता मात्र स्प्रिंगा, आस आणि टायर यांच्यावर अवलंबून असते. म्हणून एकीवरून दुसरीचे अनुमान करता येत नाही.

उदाहरणार्थ, एका ट्रकची ओढक्षमता १५,००० पौंड व भारक्षमता ३,००० पौंड आहे असे मानू (१ पौंड म्हणजे सुमारे ०.४५ किलोग्रॅम). त्याला १२,००० पौंडांचा ट्रेलर जोडला. किंगपिनवरील २० टक्के भार २,४०० पौंड, जोडणी २०० पौंड आणि चार प्रवासी ६०० पौंड, अशी बेरीज ३,२०० पौंड होते. ओढक्षमतेत ३,००० पौंड शिल्लक असूनही भारक्षमता २०० पौंडांनी ओलांडली जाते. उलट गणित केल्यास, ३,००० मधून ८०० वजा जाता २,२०० उरतात, त्यांना ०.२० ने भागले असता ट्रेलरची खरी मर्यादा ११,००० पौंड येते.

व्यावहारिक दक्षता :

हे गणित ट्रेलरच्या रिकाम्या वजनावर करणे धोक्याचे आहे. ६० अमेरिकी गॅलनच्या टाकीतील पाणीच सुमारे ५०० पौंड भरते. म्हणून ट्रेलरचे कमाल अनुज्ञेय वजन हिशेबात धरावे. ट्रकची भारक्षमता माहितीपत्रकातून न घेता चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवरून घ्यावी. कारण अतिरिक्त सुविधा बसविल्या की त्याच प्रतिरूपाच्या दोन ट्रकांची भारक्षमता वेगळी होते. अखेरीस भरलेली जोडी वजनकाट्यावर नेऊन प्रत्येक आसावरील भार मोजावा.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, ट्रेलरची निवड ओढक्षमता, भारक्षमता, प्रत्येक आसाची मर्यादा आणि ट्रक-ट्रेलरच्या एकत्रित वजनाची मर्यादा यांपैकी जी सर्वप्रथम संपते तिच्यावरूनच व्हावयास हवी. भार अधिक झालेला ट्रक चढण सहज चढून जातो, आणि त्यामुळेच चूक लक्षात येत नाही. ती उघड होते ती लांब उतारावर तापलेल्या ब्रेकमधून किंवा फुटलेल्या टायरमधून. आणि त्या वेळी ट्रकमध्ये संपूर्ण कुटुंब बसलेले असते.