रडारचे डोळे जमिनीवर

उपग्रह अवकाशात गेला की कौतुक होते ते अग्निबाणाचे. रडार-उपग्रहाच्या बाबतीत ते अपुरे आहे. कारण तो पाठवितो ते चित्र नसतेच, असतो तो रेडिओ-लहरींच्या प्रतिध्वनींचा विस्कळीत पसारा. अमेरिकेच्या 'सीसॅट'ने १९७८ साली पाठविलेल्या अशा पसाऱ्यातून कॅनडातील त्रुआ-रिव्हिएर परिसराचे एक चित्र घडविण्यास तेथील मॅक्डोनल्ड डेटवायलर कंपनीच्या संगणकाला सुमारे ४० तास लागले!

जमिनीवरील एकाच बिंदूचे प्रतिध्वनी, उपग्रह पुढे सरकत असता, शेकडो वेळा टिपले जातात. प्रत्येक वेळी अंतर निराळे, डॉप्लर-परिणामाने कंप्रताही निराळी. हे सारे पुन्हा एका बिंदूत गोळा करावयाचे असते. 'सीसॅट'च्या २५ मीटर तपशिलापुरता उपग्रहाचा मार्ग सरळ मानून, वेगात थोडी दुरुस्ती करून भागत असे. जर्मनीच्या 'टेरासार-एक्स'ने २००७ साली भ्रमण सुरू केले. पुढे त्याच्याकडून उड्डाणदिशेत पाव मीटरचा तपशील मागितला जाऊ लागला, तेव्हा ही सवलत संपली. मार्ग वक्र आहे, लहर परतेपर्यंत उपग्रह सुमारे ३० मीटर पुढे गेलेला असतो, वातावरणही तिला उशीर लावते. हे सर्व समीकरणांत धरावे लागले.

ढगांखालचा महापूर दिसतो तो या आकडेमोडीनंतरच. भारत-अमेरिकेचा 'निसार' ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून निघाला. अशा योजनांच्या अंदाजपत्रकात ही समीकरणे मांडणाऱ्यांची तरतूद अग्निबाणाच्या तरतुदीबरोबरच, आरंभापासून व्हावयास हवी.