बेंजो

श्रावण सरत आला की मुंबईतील लालबाग, परळ, चिंचपोकळी या भागांत दिवेलागणीनंतर एक झणझणीत स्वर कानी पडू लागतो. तो सतारीचा नव्हे, सारंगीचा नव्हे आणि पेटीचा तर नव्हेच. चाळीच्या अंगणात पाचपंचवीस तरुण गोळा झालेले असतात. कोणी ढोल आवळीत असतो, कोणी ताशा शेकीत असतो. आणि मध्यभागी एकजण मांडीएवढ्या लांबीच्या लाकडी पेटीवर बोटे नाचवीत असतो. ते वाद्य म्हणजे बेंजो. गणेशोत्सव जवळ आला आहे, आणि पथकाचा सराव सुरू झाला आहे.

बेंजो हे नाव मात्र फसवे आहे. अमेरिकेत बँजो नावाचे एक वाद्य आहे. त्याचे तोंड वाटोळे व चामड्याने मढविलेले असते, आणि त्याला गिटारीसारखी लांब मान असते. लालबागच्या बेंजोचे त्याच्याशी नावापलीकडे फारसे नाते नाही. हे वाद्य मूळचे जपानचे. १९१२ साली नागोया शहरातील गोरो मोरिता यांनी ते तयार केले. त्याच वर्षी जपानात तैशो नावाचे राजयुग सुरू झाले होते व 'कोतो' हे तेथील जुने तंतुवाद्य. म्हणून या नव्या वाद्यास 'तैशोगोतो' असे नाव पडले. हिंदुस्थानात आल्यावर लोकांनी त्याचे 'बुलबुलतरंग' असे गोड नामकरण केले. मुंबईच्या रस्त्याने ते नाव बाजूस ठेवले आणि बेंजो हेच कायम केले.

त्याची रचना सोपी आहे. पेटीवर पोलादी तारा ताणलेल्या असतात आणि त्यांच्यावर टंकलेखन यंत्रासारखी बटणांची रांग असते. डाव्या हाताने बटण दाबले की त्याखालील धातूची पट्टी तारेवर टेकते व तारेचा कंप पावणारा भाग आखूड होतो. तार जितकी आखूड, तितका स्वर उंच. बरोबर निम्मी झाली की षड्जाऐवजी वरच्या सप्तकातील षड्ज उमटतो. उजव्या हातातील पातळ पट्टीने तार छेडावयाची असते. छेडलेला स्वर लगेच विरतो, म्हणून वादक मनगट अतिशय जलद हलवून तोच स्वर पुनःपुन्हा छेडतो, आणि ऐकणाऱ्यास तो अखंड वाटतो.

बटणांच्या वाद्यात एक उणीव असते. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, ज्याला गायक मींड म्हणतात, ते त्यात सहज साधत नाही. याच कारणास्तव १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला आपल्या ध्वनिक्षेपणातून वगळले होते, आणि ती बंदी सैल होण्यास १९७१ साल उजाडावे लागले. त्याच कसोटीला बेंजो लावला असता, तर तोही उतरला नसता. परंतु रस्त्यावरची कसोटी वेगळी असते. तेथे मींड किती सुरेल, हे कोणी विचारीत नाही. शंभर ढोलताशांच्या गजरातून गाण्याची चाल ओळखू येते की नाही, एवढेच पाहिले जाते. त्यासाठी पुढे बेंजोच्या तारांखाली चुंबक व त्याभोवती गुंडाळलेले तांब्याच्या तारेचे वेटोळे बसविण्यात आले. पोलादी तार हलली की वेटोळ्यात विजेचा सूक्ष्म प्रवाह निर्माण होतो, आणि ध्वनिवर्धकातून तो मोठ्या आवाजाच्या रूपाने बाहेर पडतो.

मात्र ज्या रेडिओने पेटी वगळली, त्याच रेडिओने चाळींना गाणी पुरविली, ही मोठी गमतीची गोष्ट आहे. त्या काळी रेडिओसाठी परवाना काढावा लागे आणि यंत्रही महाग असे. गिरणी कामगारांच्या चाळीत एका खोलीत दहाबारा माणसे राहत; तेथे प्रत्येकाकडे रेडिओ कोठून असणार? शेजाऱ्याच्या दारात किंवा इराण्याच्या हॉटेलाबाहेर उभे राहून लोक गाणी ऐकत. १९५२ नंतर आकाशवाणीवर चित्रपटगीतांना कात्री लागली, तेव्हा श्रोते सिलोन केंद्राकडे वळले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तेथून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अमीन सायानी यांचा तो कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई आणि कोलंबोहून दर बुधवारी रात्री ऐकू येई. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीनेच विविध भारती सुरू केली. रेडिओवरचे गाणे थांबवून पुन्हा ऐकण्याची सोय नव्हती. ज्याला चाल उचलावयाची, त्याने ती कान देऊन एकदाच ऐकावयाची आणि घरी जाईपर्यंत गुणगुणत ठेवावयाची.

पथकात बेंजोच्या साथीला काय नसते? ढोलकी, ताशा व झांज हे आपले. कोंगो दूरच्या क्यूबाचा. आणि ऑक्टोपॅड विजेवर चालणारे. गाण्यांचेही तसेच. आरतीपाठोपाठ कोळीगीत, त्यामागून लावणी आणि लगेच हिंदी चित्रपटातील गाणे. खरे कसब या सांध्यांत असते. मिरवणूक कधी थांबेल आणि कधी चालू लागेल, हे आधी ठरलेले नसते. बेंजोवादक नजरेने किंवा मान हलवून खूण करतो, ताशेवाला ठेका बदलतो, आणि तोल न जाता सारे नव्या गाण्यात शिरतात. चुकलेला स्वर मागे घेता येत नाही. परळला केईएम, वाडिया, टाटा अशी मोठी रुग्णालये आहेत. २००० सालच्या नियमांनुसार रुग्णालयापासून शंभर मीटरपर्यंत शांतता पाळावयाची असते. तेथे वाद्ये थांबवून पुढे गेल्यावर पुन्हा त्याच ठेक्यावर उठणे, हीदेखील एक परीक्षाच.

पथकाला मिळणाऱ्या कामास 'सुपारी' म्हणतात. गोविंदा, गणपती, नवरात्र व लग्नसराई मिळून वर्षातील थोडेच दिवस कमाईचे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि पुष्कळ गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजले नाहीत. कामगारांची वस्ती पांगली. चाळी पाडून मनोरे उभे राहिले, तेव्हा सरावाचे अंगणही गेले. मिरवणुकीत ध्वनिमुद्रित गाण्यांच्या भिंती आल्या. त्यांना ना सराव लागतो, ना माणसे. २०२० साली महामारीमुळे मिरवणुका बंद राहिल्या, आणि वादकांचा सारा हंगाम कोरडा गेला. त्याआधी २०१६ साली 'बँजो' नावाचा हिंदी चित्रपट निघाला होता, त्यामुळे इतर प्रांतांतील लोकांनाही हे वादक ठाऊक झाले. सुपाऱ्यांचा प्रश्न मात्र चित्रपटाने सुटण्यासारखा नव्हता.

मिरवणुका पुन्हा सुरू झाल्या आहेत. लालबागहून सकाळी निघालेली मोठी मिरवणूक गिरगाव चौपाटीस पोहोचेपर्यंत कधी कधी दुसऱ्या दिवसाची सकाळ होते. हा भाद्रपदाचा महिना असल्याने वाटेत पाऊस हटकून येतो. पोलादी तारांना पाणी सोसत नाही. म्हणून सर आली की प्लॅस्टिकचा कागद प्रथम बेंजोवर पसरला जातो. वाजविणारा त्याखाली हात घालून वाजवीत राहतो आणि स्वतः मात्र भिजतो.