'होईल', 'होणार' आणि 'झाले असेल'

इंग्रजी व्याकरणातील 'शॅल' आणि 'विल' ह्या दोन सहायक क्रियापदांच्या धड्याने आपल्याकडील विद्यार्थ्यांना जितके छळले असेल, तितके दुसऱ्या कोणत्याही धड्याने क्वचितच छळले असेल. आणि प्रत्येक निवडणुकीच्या आधी व नंतर वर्तविल्या जाणाऱ्या भाकितांनी सुशिक्षित कुटुंबांतील जितका वेळ खाल्ला असेल, तितका दुसऱ्या कोणत्याही करमणुकीने खाल्ला नसेल. वरवर पाहता ह्या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध दिसत नाही. परंतु तो आहे, आणि तो पुष्कळ निकटचा आहे, असे आजच्या भाषणात श्रोत्यांपुढे मांडावयाचे आहे.

प्रथम नियम पाहू. साधे भविष्य सांगावयाचे असेल तर प्रथम पुरुषी 'शॅल' व इतर पुरुषी 'विल' वापरावे. निश्चय, वचन, आज्ञा किंवा धमकी व्यक्त करावयाची असेल तर नेमके उलट करावे. 'आय शॅल गो' म्हणजे माझे जाणे घडेल. 'आय विल गो' म्हणजे मी जाणारच, कोण अडवितो ते पाहू! ह्या नियमावर एक जुना विनोद सांगतात. नदीत बुडणारा एक परदेशी मनुष्य घाबरून 'आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी' असे ओरडला. काठावरच्या व्याकरणनिष्ठ इंग्रजांनी त्याचा अर्थ 'मी बुडणारच, खबरदार कोणी मला वाचवाल तर' असा घेतला आणि त्याच्या इच्छेचा मान राखून ते स्वस्थ उभे राहिले.

हा नियम जनतेच्या बोलण्यातून आपोआप उमललेला नाही. जॉन वॉलिस ह्या इंग्रज गणितज्ञाने १६५३ साली इंग्रजी भाषेचे एक व्याकरण लॅटिनमध्ये लिहिले. अनंताचे जे आडव्या आठासारखे चिन्ह आपण गणितात वापरतो, ते प्रचारात आणणारा हाच गृहस्थ. परकीयांना इंग्रजी नीट यावे म्हणून त्याने ह्या व्याकरणात असे सांगितले की, प्रथम पुरुषी 'शॅल' हे केवळ भाकीत करणाऱ्याचे असते, तर 'विल' हे वचन देणाऱ्याचे किंवा धमकावणाऱ्याचे असते. पुढे व्याकरणकारांमागून व्याकरणकारांनी हा नियम उचलला, वाढविला आणि काटेकोर केला. १९०६ साली फाउलर बंधूंनी 'द किंग्ज इंग्लिश' ह्या पुस्तकात ह्या दोन शब्दांसाठी पुष्कळ पाने खर्च केली. आणि दक्षिण इंग्लंडात जन्मलेल्यास जे सहज साधते ते इतरांना शिकून साधणे जवळजवळ अशक्य, अशी कबुलीही दिली. १९२५ साली चार्ल्स फ्राइझ ह्या अमेरिकन अभ्यासकाने नाटकांतील संवाद तपासून दाखविले की, प्रत्यक्ष वापर ह्या नियमाप्रमाणे चालतच नाही.

तेव्हा दक्षिण इंग्लंडाबाहेरच्या इंग्रजी भाषिकांनाही जे सहजी साधत नाही, त्यासाठी गोंदियाच्या किंवा गोरेगावच्या मुलाच्या उत्तरपत्रिकेवर लाल रेघ ओढण्यात न्याय नाही, असे माझे मत आहे. नियम म्हणून तो खुशाल सोडावा. परंतु नियमाबरोबर त्यामागील विचारही फेकून देऊ नये. वॉलिसने एक खरा भेद ओळखला होता. भाकीत निराळे आणि निश्चय निराळा, हा तो भेद होय. शब्दांची वाटणी कृत्रिम असेल. भेद कृत्रिम नाही.

आपल्या भाषांनी हा भेद आपापल्या परीने जपला आहे. पाणिनीने आजच्या दिवसापलीकडील भविष्यास 'लुट्' हे वेगळे रूप दिले आणि उरलेल्या भविष्यास 'लृट्' ठेविले. म्हणजे येणारी घटना किती दूर आहे ह्याचीही संस्कृत व्याकरण दखल घेते. मराठीची वाटणी आणखी निराळी आहे. 'पाऊस पडेल' हा अंदाज. 'पाऊस पडणार' ही खात्री. 'पाऊस पडावा' हे संदर्भानुसार अनुमान किंवा इच्छा. आणि 'पलीकडे पाऊस पडला असेल' हा होऊन गेलेल्या पण आपण न पाहिलेल्या गोष्टीविषयीचा तर्क. 'पडेल' आणि 'पडणार' ह्यांतील अंतर धानाची रोवणी करणाऱ्या शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. निवडणुकीच्या मिरवणुकीत मात्र 'येऊन येऊन येणार कोण' असाच घोष ऐकू येतो. 'येऊन येऊन येईल कोण' असा घोष कोणी केलेला ऐकिवात नाही. घोष करणाऱ्यास व्याकरण पक्के ठाऊक असते.

आता निवडणुकीच्या भाकिताकडे वळू. मतचाचणी घेणारा मनुष्य दारात येऊन विचारतो, 'आपण मत कोणाला देणार?' मतदार उत्तर देतो, 'अमक्याला देणार.' हे प्रथम पुरुषी वाक्य आहे आणि त्यात निश्चय आहे. वॉलिसच्या भाषेत सांगावयाचे तर वचन आहे. अशी काही हजार वचने गोळा केली जातात, त्यांची बेरीज होते, आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात छापून येते, 'अमका निवडून येणार.' पुरुष बदलला, प्रथमाचा तृतीय झाला, आणि त्याबरोबर वाक्याची जातही बदलली. वचनांची बेरीज करून भाकीत तयार झाले! वचन देणारा उद्या मन बदलू शकतो, मतदानाला न जाऊ शकतो, किंवा दारात उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला मुळात खरे न सांगू शकतो. झाडीबोली, पोवारी किंवा गोंडी बोलणाऱ्या घरात छापील मराठीतील प्रश्न विचारला, तर उत्तर सौजन्याचे मिळेल. ते मनातले असेलच असे नाही.

ह्याची उदाहरणे जगप्रसिद्ध आहेत. १९३६ साली अमेरिकेतील 'लिटररी डायजेस्ट' ह्या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी पत्रिका टपालाने पाठविल्या. सुमारे २३ लाख उत्तरे परत आली, आणि त्यांवरून लँडन निवडून येणार असे साप्ताहिकाने जाहीर केले. प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्यांत रूझवेल्ट विजयी झाले. नावे घेतली होती दूरध्वनीच्या व मोटारींच्या याद्यांतून, म्हणजे मंदीच्या दिवसांत ज्यांच्या घरी ह्या वस्तू होत्या त्यांची. शिवाय उत्तर पाठविण्याची तसदी घेणारे कोण हाही प्रश्न होताच. त्याच वेळी गॅलपने फार थोड्या, पण अधिक विचाराने निवडलेल्या लोकांना विचारून निकालाची दिशा बरोबर सांगितली. तोच गॅलप १९४८ साली चुकला. मतदानाच्या काही आठवडे आधीच त्याने विचारणे थांबविले होते. तोवर मिळालेली वचने खरी असतीलही, पण ती पुढे बदलली, आणि ड्यूई ह्यांच्याऐवजी ट्रूमन निवडून आले.

आपल्याच भागाचा इतिहास पाहू. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्यापूर्वीचा सारा इतिहास भंडारा ह्याच नावाखाली सापडतो. १९५४ साली भंडाऱ्याच्या द्विसदस्य मतदारसंघात लोकसभेची पोटनिवडणूक झाली. राखीव जागेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते, आणि सर्वसाधारण जागेसाठी प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. दोघे परस्परांच्या सहकार्याने उभे होते. मेहता निवडून आले. आंबेडकरांचा काँग्रेसचे भाऊराव बोरकर ह्यांनी पराभव केला. एकच प्रदेश, एकच मतदान, तेच मतदार. तरी दोन जागांचे दोन निकाल. मेहतांच्या यशावरून आंबेडकरांचे यश कोणी अनुमानिले असते, तर ते तर्कास धरून दिसले असते, आणि चुकले असते. राज्यघटनेच्या मसुदा समितीच्या अध्यक्षांना लोकसभेत स्थान मिळाले नाही, हे ह्या निकालाचे मोल होते.

अलीकडचा क्रम पाहा. भंडारा-गोंदिया मतदारसंघातून २०१४ साली भारतीय जनता पक्षाचे नाना पटोले निवडून आले. त्यांच्या राजीनाम्यामुळे २०१८ साली झालेल्या पोटनिवडणुकीत राष्ट्रवादी काँग्रेसचे मधुकर कुकडे विजयी झाले. २०१९ साली भाजपचे सुनील मेंढे आले, आणि २०२४ साली काँग्रेसचे डॉ. प्रशांत पडोळे. दहा वर्षांत चार निवडणुका, आणि प्रत्येक वेळी मागच्याहून निराळ्या पक्षाचा उमेदवार. मागील निकाल पाहून 'म्हणून ह्या वेळी' असे म्हणणाऱ्यास येथील मतदारांनी फारसा थारा दिलेला नाही.

२०२४ च्या ह्याच निवडणुकीत व्याकरणाचा आणखी एक मुद्दा स्पष्ट झाला. येथे मतदान पहिल्या टप्प्यात, १९ एप्रिलला झाले आणि मतमोजणी ४ जूनला. मतदानाचे सर्व टप्पे संपेपर्यंत मतदानोत्तर चाचण्या प्रसिद्ध करण्यास कायद्याने मनाई आहे; म्हणून त्या १ जूनच्या सायंकाळी बाहेर आल्या. त्यांपैकी अनेकांनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीस देशभरात साडेतीनशेहून अधिक जागा दिल्या. प्रत्यक्षात मिळाल्या २९३. आता विचार करा. १९ एप्रिलच्या सायंकाळीच गोंदियाचा निकाल यंत्रांत बंद झाला होता आणि पुढे ४६ दिवस तो तेथेच पडून होता. तो भविष्यकाळ नव्हताच. तो अज्ञात भूतकाळ होता. मतदानोत्तर चाचणीचे शुद्ध मराठी रूप 'निवडून येणार' हे नव्हे, 'निवडून आला असेल' हे होय. नुसते एवढे क्रियापद बदलले असते, तर वाचकास आपण तर्क वाचीत आहोत, वार्ता नव्हे, हे आपोआप कळले असते.

ह्यावरून सर्व भाकिते त्याज्य आहेत असा अर्थ कोणी काढू नये. ह्याच जिल्ह्यातील आमगावजवळचे पदमपूर म्हणजे भवभूतीचे पद्मपूर, असे वा. वि. मिराशी ह्यांनी प्रतिपादिले आहे. आपणास व्याकरण, मीमांसा आणि न्याय ह्या तिन्ही शास्त्रांचा जाणता म्हणविणाऱ्या ह्या कवीने 'मालतीमाधवा'च्या प्रस्तावनेत स्वतः एक भाकीत केले आहे. काळ अमर्याद आहे आणि पृथ्वी विशाल आहे, तेव्हा आपल्यासारख्याच मनाचा कोणीतरी केव्हातरी जन्मास येईल, अशा आशयाचे ते आहे. ते खरे ठरले, आणि खोटे ठरणे शक्यही नव्हते; कारण त्यात दिवस नाही, गाव नाही, नाव नाही. कवीला हे शोभते. निवडणुकीचे भाकीत करणाऱ्याने मात्र दिवस, मतदारसंघ आणि आकडा सांगितला पाहिजे, म्हणजे तो चुकला की नाही हे पाहता येईल. जो चुकू शकतो आणि चुकीची शक्यता आकड्यांनिशी आधी सांगतो, त्याचे भाकीत ऐकण्याजोगे.

म्हणून पुढील निवडणुकीच्या वेळी भाकीत वाचताना आधी त्याचे क्रियापद पाहावे. 'होईल' असेल तर कशावरून म्हणून विचारावे. 'होणार' असेल तर हे भाकीत आहे की घोष, ते पाहावे. मतदान होऊन गेले असूनही 'होणार' असेल, तर मनात त्या जागी 'झाले असेल' घालून वाक्य पुन्हा वाचावे. आणि मतदान व्हावयाचे असेल, तर स्वतःपुरते प्रथम पुरुषी निश्चयाचे वाक्य तेवढे पुरे आहे. 'मी मत देणार' हे सांगण्यास चाचणी लागत नाही. आणि ते खरे करणे सर्वस्वी आपल्या हाती असते.